पाकिटातील पाकीट

पावसामुळे क्रिकेटचा सामना थांबल्याचे तुम्ही अनेकदा पाहिले असेल. पण लख्ख ऊन पडले म्हणून सामना आठ तास थांबला, असे कधी ऐकले आहे काय? २० फेब्रुवारी २०२१ रोजी अमेरिकेतील ताहो सरोवराच्या काठी नेमके हेच घडले. सामना होता आइस हॉकीचा. हा खेळ एरवी छताखाली, कृत्रिम बर्फावर खेळतात. परंतु उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग दरवर्षी काही सामने मुद्दाम उघड्यावर भरविते. त्या दिवशी कोलोरॅडो आणि व्हेगास हे संघ समोरासमोर होते. हवा गार होती, पण आकाश निरभ्र होते. पहिला डाव संपेपर्यंत बर्फ मऊ पडला, खेळाडू अडखळून पडू लागले आणि सामना थांबवावा लागला. तो पुन्हा सुरू झाला रात्री नऊ वाजता!

असे का झाले, याचा साधा हिशेब करता येतो. आइस हॉकीचे मैदान सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असते. म्हणजे क्षेत्रफळ झाले सुमारे १५८६ चौरस मीटर. त्या दिवसांतील दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला ६०० वॉट ऊर्जा मिळते असे धरले, तर साऱ्या मैदानावर सुमारे ९५० किलोवॉट ऊर्जा पडते. बर्फ थिजवून ठेवणाऱ्या, ट्रकवरून आणल्या जाणाऱ्या यंत्राची क्षमता ३०० टन असते. शीतकरणातील एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट, तेव्हा ही क्षमता झाली सुमारे १०५० किलोवॉट. म्हणजे सूर्य आणि यंत्र जवळजवळ तुल्यबळच! बर्फाखालचा पांढरा रंग पुष्कळसे ऊन परत फेकतो म्हणून निभावते. पण रंगीत रेघा आणि जाहिरातींची अक्षरे ऊन शोषून घेतात, आणि बर्फ तेथेच आधी हार खातो.

आता हा सामना भारतात बसून पाहू इच्छिणाऱ्या शौकिनाची अवस्था पाहा. आपल्या घड्याळाप्रमाणे सामना सुरू झाला रात्री दीडच्या सुमारास, आणि उरलेला खेळ सुरू झाला सकाळी साडेदहाला. असा सामना पाहायचा तर तो चालू असतानाच पाहण्यात मौज. म्हणून तो इंटरनेटवर थेट प्रक्षेपण शोधतो, आणि पडद्यावर पाटी येते: 'हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही.' यामागे तांत्रिक अडचण काहीच नसते. सामने दाखविण्याचे हक्क देशागणिक वेगवेगळ्या कंपन्यांना विकलेले असतात आणि प्रत्येक कंपनीने आपल्या कुंपणाबाहेर चित्र जाऊ देणार नाही असे कबूल केलेले असते. गंमत अशी की, पुष्कळदा खुद्द संघाच्या गावातील प्रेक्षकालाच लीगच्या इंटरनेट सेवेवर आपल्या संघाचा सामना दिसत नाही, कारण तेथील हक्क स्थानिक वाहिनीकडे असतात!

पण आपण भारतात आहोत हे त्या दूरच्या संगणकाला कळते कसे? आपण तर त्याला काहीच सांगितलेले नसते.

सांगितलेले असते, आणि तेही अगदी पहिल्या क्षणी. इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान तुकड्यांत, जणू पाकिटांत घालून पाठविली जाते. प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात: ज्याला पाठवायचे त्याचा आणि पाठविणाऱ्याचा. पाठविणाऱ्याचा पत्ता गाळून चालत नाही, कारण मग उत्तर कोठे पाठवावयाचे? या पत्त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्याच्या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत ० ते २५५ यांमधील चार संख्या असतात. असे एकंदर ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात. (२ चा ३२ वा घात काढून पडताळा घ्या.) या पत्त्यांचे गठ्ठे जगातील पाच प्रादेशिक संस्था वाटतात, आशिया-प्रशांत विभागासाठी 'एपनिक', तर अमेरिका आणि कॅनडासाठी 'अरिन'. कोणता गठ्ठा कोणत्या देशातील कोणत्या कंपनीला दिला, याची नोंद उघड असते. तिच्यावरून तयार केलेल्या याद्या पाहून प्रक्षेपण करणारा संगणक निवाडा देतो. हा पत्ता जमिनीला खिळलेला नसतो, हे लक्षात ठेवा. याद्यांवरून देश बहुधा बरोबर निघतो. गाव मात्र अनेकदा चुकते. साताऱ्याच्या मुलाला संगणक मुंबईकर समजला, तर नवल नाही.

येथेच व्हीपीएन नावाची युक्ती उपयोगी पडते. व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, म्हणजे आभासी खासगी जाळे. ते काय करते हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, नागपुरातील एक ग्रंथालय फक्त नागपूरच्या रहिवाशांना टपालाने पुस्तके पाठविते. तुम्ही साताऱ्यात राहता, पण तुमचा मावसभाऊ नागपुरात आहे. तुम्ही ग्रंथालयाच्या नावे लिहिलेले पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालता, ते मोहोरबंद करता आणि वर मावसभावाचा पत्ता लिहिता. तो बाहेरचे पाकीट फोडतो, आतल्या पाकिटावर पाठविणारा म्हणून स्वतःचा पत्ता घालतो आणि ते टपालात टाकतो. पुस्तक त्याच्याकडे येते. तो ते तसेच मोहोरबंद करून तुमच्याकडे धाडतो. ग्रंथालयाच्या लेखी सारा व्यवहार नागपुरातलाच!

व्हीपीएनमध्ये मावसभावाच्या जागी टोरांटोत किंवा अन्यत्र ठेवलेला एक संगणक असतो, आणि लाखेच्या मोहोरेच्या जागी गणिती कूटलेखन. ही युक्ती मुळात सामने पाहण्यासाठी निघालेली नाही. १९९० च्या दशकात, दूरच्या शाखांतील व घरून काम करणाऱ्या नोकरांना कंपनीच्या अंतर्गत जाळ्याशी सुरक्षितपणे जोडता यावे म्हणून ती पुढे आली. आजही बँका आणि कार्यालये तिचा वापर करतात, आणि तेच तिचे खरे मोलाचे काम आहे असे आमचे मत आहे.

आता एक बारकावा. साताऱ्याच्या पोस्टमनला काय दिसते? केवळ एवढेच की, तुम्ही मावसभावाला पत्रे पाठविता. त्याच्यापासून तुमचे गुपित राहिले. पण मावसभावाला काय दिसते? तुम्ही कोणाला लिहिता ते सारे! ग्रंथालयाचे पाकीट स्वतंत्रपणे मोहोरबंद असेल, तर आतला मजकूर त्याला वाचता येणार नाही (आजची बहुतेक संकेतस्थळे अशी मोहोर लावतात). पण पत्ता तर दिसणारच. म्हणजे व्हीपीएनने गुपित नाहीसे होत नाही. ते एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते.

आणि तो दुसरा कोण, हे पाहणे अगत्याचे असते. शंभर मैलांवरचे सर्व्हर चालवायला वीज लागते, पैसा लागतो. मग फुकट सेवा देणाऱ्याला काय मिळते? 'ओनाव्हो प्रोटेक्ट' या फुकट व्हीपीएनची गोष्ट यासाठी माहीत असावी. ते फेसबुकच्या मालकीचे होते. तुमची माहिती सुरक्षित ठेवतो, अशी त्याची जाहिरात होती. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वेळ वापरतात, याची माहिती त्यातून गोळा करून कंपनीच्या व्यापारासाठी वापरली जात होती. ते २०१९ मध्ये बंद झाले, आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने त्या कंपनीच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. आपल्याकडे २०२२ मध्ये 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक कंपन्यांनी भारतातील आपले संगणक काढून नेले. व्हीपीएन वापरणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. परंतु पत्ता बदलून प्रक्षेपण पाहणे हे बहुतेक प्रक्षेपकांच्या अटींचे उल्लंघन ठरते आणि पैसे भरलेले खातेही त्यामुळे बंद होऊ शकते. तेव्हा आपल्या देशात तो सामना रीतसर कोण दाखवितो, हे आधी शोधलेले बरे.

खर्चाचाही अंदाज घ्या. चांगल्या चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट माहिती लागते. अडीच तासांच्या सामन्याला ती साडेपाच गिगाबाइटच्या पुढे जाते. दिवसाला दीड गिगाबाइट मिळणाऱ्या फोनवर सामना संपण्याच्या कितीतरी आधीच शिधा संपेल!

पत्ता असा बदलला, तरी एक गोष्ट मात्र लपत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबई ते टोरांटो हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. तेव्हा जाऊन परत येण्यास निदान १२५ मिलिसेकंद लागणारच. तारा वळणावळणाने जात असल्याने प्रत्यक्षात २०० च्या पुढे. टोरांटोतील प्रक्षेपकाने टोरांटोतीलच व्हीपीएन संगणकाला हाक मारली, तर 'ओ' यायला दोन मिलिसेकंद पुरतात. पण त्याच पत्त्यावरचा 'प्रेक्षक' दोनशे मिलिसेकंदांनी उत्तर देत असेल, तर त्याच्या मागे कोणी दूरचा बसला आहे हे ताडता येते. शिवाय एकाच पत्त्यावरून हजारो प्रेक्षक येऊ लागले, तरी संशय येतोच.

शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने 'पिंग' हा आदेश देऊन पाहा. संकेतस्थळाचे नाव दिले की, बहुधा उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते दिसते. त्या संख्येला १०० ने गुणा. येईल तितक्या किलोमीटरच्या आतच तो संगणक असला पाहिजे. एखाद्या अमेरिकन कंपनीच्या संकेतस्थळाकडून उत्तर ५ मिलिसेकंदांत आले, तर तो संगणक ५०० किलोमीटरच्या आत आहे. मग तो कोणत्या शहरात ठेवला असेल, याचा नकाशा पुढे घेऊन तर्क करा.