वस्तूंच्या पोटातील संगणकाची परिभाषा

संगणक म्हटला की डोळ्यांसमोर पडदा, कळफलक आणि माऊस उभे राहतात. प्रत्यक्षात घरातील बहुतेक संगणकांना यांपैकी काहीच नसते. धुलाई यंत्र, मायक्रोवेव्ह, टीव्हीचा रिमोट, रक्तातील साखर मोजणारे उपकरण, जिन्याखालचा विजेचा इलेक्ट्रॉनिक मीटर या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा संगणक दडलेला असतो. अशा व्यवस्थेला ‘एम्बेडेड सिस्टिम’ म्हणतात. तिची परिभाषा समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वस्तू कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिच्या शेजारी अभियंता बसलेला नसतो. या क्षेत्रातील अनेक शब्दांमागे हीच चिंता आहे.

सुरुवात ‘मायक्रोकंट्रोलर’पासून करावी लागेल. टेबलावरच्या संगणकातील मायक्रोप्रोसेसरला स्मृती आणि इतर चिपांची सोबत लागते. मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोसेसर, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पिना हा सारा संसार एकाच चिपवर मांडलेला असतो. इंटेलने १९८० मध्ये आणलेली ८०५१ ही चिप भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या चांगली परिचयाची आहे. तिच्या मूळ रूपात आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट आणि चालू आकडेमोडीसाठी अवघे १२८ बाइट जागा होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे ४२ चिन्हे लिहिली की जागा संपली. एवढ्या अंगणात उत्तम नाच करणारे प्रोग्रॅमर त्या काळी घडले.

या चिपमध्ये भरलेली आज्ञावली म्हणजे ‘फर्मवेअर’. हा शब्द अमेरिकी संगणकतज्ज्ञ अॅशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये ‘डेटामेशन’ नियतकालिकात प्रथम वापरला, तो काहीशा वेगळ्या अर्थाने. पण हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्या मधली गोष्ट हा त्याचा गाभा टिकून राहिला. पूर्वी फर्मवेअर चिपमध्ये कायमचे कोरले जाई आणि चूक निघाली तर चिपच बदलावी लागे. फ्लॅश स्मृती आल्यावर ते पुन्हा लिहिता येऊ लागले. मात्र नवा धोकाही आला. नवे फर्मवेअर अर्धे लिहून झालेले असताना वीज गेली, तर ना जुने चालते ना नवे. अशा निर्जीव झालेल्या उपकरणाला व्यवसायात ‘ब्रिक’, म्हणजे चक्क वीट म्हणतात. ते टाळण्यासाठी ‘बूटलोडर’ असतो. यंत्र सुरू होताच सर्वांत आधी जागा होणारा हा छोटा प्रोग्रॅम असून, चांगल्या रचनेत तो मुख्य आज्ञावली शाबूत आहे का हे तपासतो आणि नसल्यास जुन्या प्रतीवर काम चालवतो.

‘रिअल टाइम’ म्हणजे अतिवेगवान, असा एक समज आहे. खरा अर्थ आहे वेळेवर. मोटारीतील एअरबॅग अपघातानंतर अर्ध्या सेकंदाने उघडली, तर तिचा उपयोग शून्य. आणि कार्यक्रम कोठे अडकलाच तर काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘वॉचडॉग’. मुख्य कार्यक्रमाने या घड्याळाला ठरावीक अंतराने ‘मी जागा आहे’ असे कळवायचे. हाक आली नाही की वॉचडॉग सारी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करतो.

अशा पहारेकऱ्याचे मोल १९९७ मध्ये मंगळावर दिसले. त्या वर्षी ४ जुलैला नासाचे मार्स पाथफाइंडर यान तेथे उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच स्वतःला पुन्हा सुरू करू लागला. दिवसाची उरलेली कामे उद्यावर जाऊ लागली. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी महत्त्वाचे काम एका सामायिक साधनाला कुलूप लावून बसे, मध्यम महत्त्वाचे काम त्याला बाजूला सारी आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपापाशी खोळंबून राही. किल्ली शिपायाकडे, शिपायाला कारकुनाने चहाला पिटाळलेले आणि साहेब दाराबाहेर उभे, असा तो प्रकार. याला ‘प्रायॉरिटी इन्व्हर्जन’ म्हणतात. महत्त्वाचे काम वेळेत न झाल्याचे दिसताच यंत्रणा स्वतःला पुन्हा सुरू करी, म्हणूनच यान हातचे गेले नाही. अभियंत्यांनी पृथ्वीवरील प्रतिकृतीवर तोच दोष घडवून आणला आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. किल्ली ज्याच्या हाती, त्याला तेवढ्यापुरता साहेबाचा दर्जा!

पण पुन्हा सुरू करणे हा प्रत्येक दोषावरचा उपाय नव्हे. थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्रामुळे १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा मिळाली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. आधीच्या थेरॅक-२० मध्ये सॉफ्टवेअर चुकले तरी किरण रोखणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसरे होती. त्यांनाच ‘हार्डवेअर इंटरलॉक’ म्हणतात. नव्या यंत्रात ती गाळून सारी भिस्त आज्ञावलीवर ठेवली गेली. इंटरलॉक काढून वाचवलेला खर्च किती महाग पडतो, याचे याहून भीषण उदाहरण सापडणे कठीण.

कल्पनेपासून दुकानापर्यंतच्या प्रवासाचेही शब्द आहेत. ‘ब्रेडबोर्ड’ हे नाव खरोखर पाव कापण्याच्या फळीवरून आले. रेडिओच्या आरंभकाळातील हौशी मंडळी त्यावरच सर्किट जोडत. त्यानंतर येतो तांब्याच्या रेषा असलेला छापील पट्टा, म्हणजेच पीसीबी. आणि सर्वांत रुक्ष वाटणारा, पण मालकाची झोप उडवणारा शब्द म्हणजे ‘बॉम’, अर्थात ‘बिल ऑफ मटेरियल्स’. वस्तूत लागणाऱ्या प्रत्येक सुट्या भागाची ही यादी. तिच्यातील एक ओळ जरी अडली, तरी पूर्ण वस्तू अडते. जागतिक चिपटंचाईमुळे सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीच्या हरियाणातील आणि गुजरातमधील कारखान्यांतले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे कंपनीला जाहीर करावे लागले होते.

चिपची निर्मिती थांबवण्यापूर्वी उत्पादक ग्राहकांना आगाऊ कळवतो. त्यानंतरच्या अखेरच्या मागणीला ‘लास्ट टाइम बाय’ म्हणतात. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्यांना चिप बदलली तर पुन्हा चाचण्या आणि मंजुरीच्या चक्रातून जावे लागू शकते. त्यामुळे ते अशा वेळी पुढील कित्येक वर्षांचा साठा गोदामात भरून ठेवतात.