शाळेची वर्दी (लेखांक ११) : झाडूची जागा

ड्रायव्हरांच्या डोळ्यांची तपासणी पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. चाळिशी लागल्यावरही माणसं चष्मा खिशात का ठेवतात, हे सांगायचं कबूल केलं होतं आणि ते सांगणारच आहे. पण मध्येच चिंचवडच्या एका आजींचं पत्र आलं. नात यंदा छोट्या गटात गेली, बसने जाते. आजींनी विचारलंय, "पोरं शाळेत उतरली की बस खरंच रिकामी झाली का, हे बघतं कोण?" थांब्यांवर दोन आठवडे एवढं रामायण लावलं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझा तर तो लाडका विषय.

कागदोपत्री सगळेच बघतात. महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूलबस नियमांप्रमाणे मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, बसमध्ये मदतनीस असतो, मुली असतील तर बाई असावी लागते. मुलांची यादी असते. उतरलेल्या मुलापुढे खूण करायची, झालं. आता पावसाळ्यातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. मागे दुसऱ्या बसचा हॉर्न चाललाय, मावशींच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कुणाची तरी सुटलेली बॅग. खुणा कधी होणार? सगळी पोरं फाटकाच्या आत गेल्यावर, वरपासून खालपर्यंत, एका दमात. त्या यादीत एकही मूल बसमध्ये राहिलेलं सापडणार नाही, कारण ती यादी मुलं बघून भरलेलीच नसते.

सप्टेंबर २०२२मध्ये जपानमधल्या माकिनोहारा गावात नेमकं हेच घडलं. बालवाडीच्या बसमध्ये सहाच मुलं होती. त्यातली तीन वर्षांची एक मुलगी आतच राहिली आणि बंद बसमधल्या उन्हाने गेली. शाळेची हजेरी यंत्रावर होती आणि त्या यंत्रात ती शाळेत पोचल्याची नोंद होती. वर्गशिक्षिकेला मुलगी दिसली नाही, पण घरी फोन गेला नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे, रोजचा ड्रायव्हर त्या दिवशी नव्हता. संस्थेचे प्रमुख स्वतः बस चालवत होते.

बदलीचा दिवस! वर्दीच्या धंद्यात मुरलेल्या कुणालाही विचारा, घात याच दिवशी होतो. रोजच्या ड्रायव्हरला माहीत असतं की अमुक पोरगी सिंहगड रस्त्यावरच पेंगायला लागते. ते ज्ञान कुठल्याही रजिस्टरात नसतं आणि बदली ड्रायव्हरला कुणी देत नाही.

त्याच महिन्यात कतारमध्येही चार वर्षांची एक मल्याळी मुलगी शाळेच्या बसमध्ये अशीच गेली. जपानने मात्र एप्रिल २०२३पासून बालवाड्यांच्या बसना इशारा देणारं उपकरण सक्तीचं केलं. त्यातला एक प्रकार अमेरिका-कॅनडात आधीपासून वापरात आहे आणि तो मला फार आवडतो. गाडी बंद केली की भोंगा वाजू लागतो आणि तो थांबवायचं बटण बसच्या अगदी मागे असतं. बटण दाबायचं तर सगळ्या सीटांमधून चालत जावंच लागतं. ड्रायव्हरच्या चांगुलपणावर काही सोडलेलंच नाही.

चालत जावं लागतं, हे महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून डोक्यावरच्या आरशात बघा. दिसतात फक्त सीटच्या पाठी. छोट्या गटातलं मूल बसलेलं असतानाच पाठीच्या खाली असतं. झोपल्यावर ते आडवं होतं, नाहीतर दप्तराला मिठी मारून दोन सीटांच्या मधल्या फटीत घसरतं. उभं राहून मागे नजर टाकली तरी ते दिसत नाही. प्रत्येक ओळीपाशी थांबून खाली वाकावं लागतं.

आमच्या ठेकेदाराकडून भोंगे बसवून मिळणं शक्य नव्हतं. मग मी झाडूची जागा बदलली. पूर्वी तो दाराशी, ड्रायव्हरच्या सीटमागे असायचा. तो शेवटच्या सीटखाली ठेवायला लावला आणि नियम केला की शाळेत मुलं सोडली की बस मागून पुढे झाडायची. सुरुवातीला "आम्ही काय झाडूवाले का" यावरून बरीच धुसफूस झाली. पण बिस्किटांच्या कागदांनी माझी बाजू घेतली. झाडलेली बस दुपारी ओळखू येते, त्यामुळे फेरी मारली की नाही ते मला न विचारता कळायचं.

तपासणी म्हणून मी अधूनमधून एखाद्या बसच्या मागच्या कोपऱ्यात स्टीलचा डबा ठेवायचो आणि तो किती वेळात ऑफिसात येतो ते बघायचो. एक काका तर डबा टेबलावर ठेवताना म्हणायचे, "साहेब, आज भाजी तरी घालायची." युक्ती त्यांना कळली होती. कळली तरी बिघडत नव्हतं, डबा शोधायला मागे जावंच लागायचं.

ही फेरी मावशींनी मारावी की ड्रायव्हरने, यावर शाळाशाळांत वाद असतो. माझं मत स्पष्ट आहे : ड्रायव्हरनेच. मावशी मुलांना घेऊन फाटकापर्यंत जातात आणि बस शेवटी ड्रायव्हरच्याच ताब्यात राहते. दोघांवर सोपवलं की तो म्हणतो त्या बघतील, त्या म्हणतात तो बघेल.

जीपीएस आणि कार्डांचं काय, असं पालक विचारतात. जीपीएसने बस कुठे आहे ते कळतं. कार्डाने कार्ड कुठे आहे ते कळतं. दुसरीतलं पोरगं मित्राचं कार्डही बिनदिक्कत टेकवून उतरतं, मी पाहिलंय. असू द्या, पण त्यांच्या भरवशावर झाडू काढू नका.

खरी अडचण वेळेची आहे. सकाळची शाळा सोडली की तीच बस हिंजवडीला कंपनीची वर्दी धरते. ड्रायव्हरचा जीव तिकडे अडकलेला असतो आणि उशीर झाला तर कापाकापी त्याच्याच पगारातून होते. म्हणून शाळेत पोचण्याची आणि शाळेतून निघण्याची वेळ यांत मागच्या फेरीसाठी पाच मिनिटं वेगळी धरा आणि तसं ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या. तो कुरकुरेल. त्याला सांगा, हरवलेल्या बाटल्या आणि रेनकोटांसाठी संध्याकाळी त्यालाच येणारे पालकांचे फोन बंद होतील. आमच्याकडचा ठेकेदार याच मुद्द्यावर राजी झाला होता.