नाक्यावरचे गॅरेज मागे का पडते? चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक दुचाकींमधूनही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. सेन्सर वाढले, वायरिंग गुंतागुंतीचे झाले. स्वतंत्र गॅरेजवाल्यांची यात दमछाक होते आहे आणि त्याचा दोष सरसकट त्यांच्याच माथी मारला जातो.

गैरसमज : मिस्त्रींना नवे शिकायचेच नसते.
वस्तुस्थिती : कंपन्यांचे प्रशिक्षण प्रामुख्याने त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या कामगारांसाठी असते. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वीस वर्षे गॅरेज चालवणारा माणूस तिथे कसा जाणार? एकट्याने चालवलेले गॅरेज चार दिवस बंद ठेवायचे, तर शिकवणीच्या फीबरोबर चार दिवसांची कमाईही जाते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षण आणि अवजारांसाठी मदत आहे. पण तिच्या १८ व्यवसायांत मोटर मेकॅनिक नाही.

गैरसमज : एक स्कॅनर घेतला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : स्वस्तातला स्कॅनर मुख्यतः इंजिनाच्या बिघाडाचे कोड वाचतो. एबीएस, एअरबॅग, नवी चावी जुळवणे, डिझेल इंजेक्टरचे कोडिंग यांसाठी महागडे यंत्र लागते आणि त्याचे सॉफ्टवेअर पैसे भरून अद्ययावत ठेवावे लागते. शिवाय कोड म्हणजे निदान नव्हे. ‘मिश्रणात इंधन कमी’ असा कोड आला, तर दोष फुटक्या हवेच्या नळीत असेल, इंधन पंपात असेल किंवा सेन्सरमध्ये. तो शोधायला त्या मॉडेलचा वायरिंग नकाशा, मोजमापे आणि वेळ हवा.

गैरसमज : बाहेर हात लावला की वॉरंटी गेली.
वस्तुस्थिती : २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांनाही मिळावीत, सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झाले तर तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे त्या आदेशात होते. कंपन्या अपिलात गेल्या. गॅरेजवाल्याची अडचण केवळ पैशांची नसून कंपन्यांनी अडवून ठेवलेल्या माहितीचीही आहे, हे मात्र त्या आदेशाने नोंदवले.

गैरसमज : मुद्रा कर्ज मिळते, मग अडचण काय?
वस्तुस्थिती : कर्ज मिळाले तरी हप्ता कशातून फेडायचा? तासभर तपासून दोष सापडतो एका सैल कनेक्टरमध्ये. ग्राहक म्हणतो, “काही बदललंच नाही, मग पैसे कसले?” सुट्या भागाचे पैसे मिळतात, निदानाचे मिळत नाहीत. मग स्कॅनरचा खर्च वसूल होत नाही आणि पुढचे यंत्र घेणे लांबते.

गाडी दाखवायला नेताना तपासणीची फी आधी ठरवा आणि ती वेगळी द्या. कंपन्यांनी रास्त दरात माहिती द्यावी, सरकारने मिस्त्रींसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग काढावेत. गॅरेजवाल्याच्या अनुभवाला साधनांची जोड मिळाली, तर परवडणारी दुरुस्ती घराजवळच होईल.