समजून घ्या : सर्व्हरला कोण दमवतं? संथ क्वेरी की सतत चालणारी?

ॲपवरचं चक्र फिरत राहिलं की आपण नेटवर्कला दोष देतो. अनेकदा खरी अडचण मागच्या डेटाबेसमध्ये असते. तिथली दोषी क्वेरी शोधताना ती 'किती वेळा चालली' हा आकडा निर्णायक ठरतो. मात्र तो वाचताना चूक झाली, तर भलतीच क्वेरी दुरुस्त होते.

हा आकडा येतो कुठून?
मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सहसा क्वेरीचा आराखडा 'प्लॅन कॅश'मध्ये ठेवतो. ती किती वेळा चालली, किती सीपीयू लागला, याची नोंदही ठेवतो. ब्रेंट ओझार यांच्या टीमची 'एसपी ब्लिट्झकॅश' ही मोफत स्क्रिप्ट त्यातून जड क्वेरींची यादी काढते. किमान किती वेळा चाललेल्या क्वेरी हव्यात, हेही तिला सांगता येतं.

फरक किती पडतो?
समजा, एक रिपोर्ट ४० सेकंद घेतो आणि दिवसात ३ वेळा चालतो. एकूण २ मिनिटं. दुसरी क्वेरी फक्त २ मिलिसेकंदांची, पण १० लाख वेळा चालते. एकूण ३३ मिनिटं! सरासरी वेळ पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

फिल्टर कुठे चुकतो?
१. क्रम : आधी 'टॉप १०' काढून मग फिल्टर लावला, तर दहाही क्वेरी गळून यादी रिकामी येऊ शकते. म्हणून आधी फिल्टर, मग टॉप १०.

२. कालावधी : मोजणी आराखडा कॅशमध्ये आल्यापासून सुरू होते, सर्व्हर रीस्टार्ट झाला की पुसली जाते. ३० दिवसांत ५,००० वेळा चाललेली क्वेरी साधारण नऊ मिनिटांतून एकदा चालते. १० मिनिटांपूर्वी आलेली क्वेरी ६०० वेळा चालली असेल, तर मिनिटाला ६० वेळा. 'किमान १,०००' ही अट नेमकी हीच दुसरी क्वेरी लपवते. त्यामुळे एकूण संख्येपेक्षा दर मिनिटाचा वेग पाहणं योग्य.

३. विखुरलेली मोजणी : ग्राहक क्रमांक थेट क्वेरीतच लिहिला, तर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी नोंद होऊ शकते. अशा हजारो नोंदींपुढे '१' हाच आकडा असतो आणि फिल्टर त्या सगळ्या वगळतो. सारख्या क्वेरींना समान ओळख देणारा 'क्वेरी हॅश' एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून उपलब्ध आहे. त्यानुसार बेरीज करून मगच फिल्टर लावावा.

थोडक्यात काय?
आधी सारख्या क्वेरी एकत्र करा, मग वेग काढा, मग फिल्टर लावा आणि शेवटी टॉप १० पाहा. हा क्रम पाळला, तर महागडा सर्व्हर घेण्याआधी खरं दुखणं सापडण्याची शक्यता वाढते.