तबकात न मावणारी ओवाळणी

दिवाळी जवळ आली, की घरोघरी देण्याघेण्याचे बेत सुरू होतात. पाडव्याला कोणाला काय द्यावे, भाऊबीजेच्या ओवाळणीत काय घालावे, याची चर्चा चकल्यांच्या घाण्याबरोबरच रंगू लागते. कापड, भांडे, पुस्तक, रोख रक्कम या नेहमीच्या भेटी होत. त्यांत उणे काढण्यासारखे काही नाही. परंतु आणखी एक भेट अशी आहे, की जी तबकात मावत नाही व रंगीत कागदात गुंडाळता येत नाही. ती भेट म्हणजे व्यायामाचे शिक्षण. एखाद्याला दोन-तीन महिने चांगल्या व्यायामशाळेत जाऊन उत्तम गुरूकडून शिकता यावे, अशी सोय कोणी करून दिली, तर ती भेट फार मोलाची ठरते. मात्र ती पुरती समजून घेऊन दिली पाहिजे. कारण इतर भेटी हाती पडताच पूर्ण होतात, आणि ही भेट हाती पडल्यावर तिला आरंभ होतो.

शरीर घडविण्याची विद्या दुसऱ्याला देणे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. मल्लखांबाचा इतिहासच पाहावा. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन आले असून, त्यात खांबावरील व्यायामाचाही उल्लेख आहे. पुढे हा प्रकार मागे पडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले. झाडांवर उड्या घेणाऱ्या माकडांच्या हालचाली पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट उरतेच. बाळंभटदादांनी ही विद्या आपल्यापाशी दडवून ठेवली नाही. त्यांच्यामुळे व त्यांच्या शिष्यांमुळे ती पुण्याहून थेट काशीपर्यंत पोहोचली. बडोद्यास जुम्मादादा नावाच्या वस्तादांनी आपली विद्या राजरत्न माणिकरावांच्या हाती दिली, आणि माणिकरावांनी आपल्या आखाड्याला स्वतःचे नाव न देता गुरूचे नाव दिले. 'जुम्मादादा व्यायाममंदिर' या नावानेच तो ओळखला जातो.

आता भाऊबीजेच्या ओवाळणीकडे वळावे. अकरा-बारा वर्षांच्या एखाद्या मुलीला तिच्या थोरल्या भावाने दोरीच्या मल्लखांबाच्या तीन महिन्यांच्या शिक्षणाची भेट दिली, तर तिच्या पदरात नेमके काय पडते?

दोरीचा मल्लखांब हा वेताच्या मल्लखांबावरून आला. पूर्वी उंचावरून टांगलेल्या वेतावर हे व्यायाम करीत. चांगला वेत मिळणे कठीण झाले, तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली. ही दोरी वर पक्की बांधलेली असते व खाली मोकळी लोंबत असते. तिच्यावर चढून शरीराला निरनिराळे वेढे घालीत आसने करावयाची असतात; पण दोरीला कोठेही गाठ मारावयाची नसते. दोरी धरण्याचे पहिले ठिकाण हात नव्हे, तर पायाचा अंगठा होय. अंगठा व त्याच्या शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून वर सरकावे लागते. पुरलेल्या लाकडी मल्लखांबाची तऱ्हा निराळी. तो जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच असतो. बुंध्याशी जाड, वर निमुळता, त्यावर मान व मानेवर बोंड. तो गुळगुळीत राहावा, म्हणून त्याला एरंडेल लावतात. त्यावरच्या उड्यांची व पकडींची नावेच किती गोड आहेत! सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, ताजवा, सुईदोरा, वेल. जिभेवर ही नावे बसली, की अर्धी भीती पळून जाते.

पहिल्या दिवशी मुलगी दोरीला लोंबकळते, दोन श्वास टिकते आणि खाली येते. तळहात लाल होतात. अंगठ्याच्या बेचक्यात आग होते. आठ-दहा दिवसांनी ती हातभर वर चढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिले साधे आसन जमते. ही प्रगती पाहून घरची माणसे म्हणतात, 'पोरीच्या दंडांत बळ आले!' परंतु खरी गोष्ट थोडी निराळी असते. एवढ्या अवधीत स्नायू फारसे जाड झालेले नसतात. स्नायू म्हणजे बारीक तंतूंची जुडी असते, व त्या तंतूंना आखडण्याची आज्ञा मज्जातंतूंमार्फत मिळते. न शिकलेले शरीर एका वेळी त्यांतील थोड्याच तंतूंना कामाला लावते. शिवाय ज्या स्नायूंनी सैल राहावयाचे, तेही उगाच आखडून विरोध करतात. सरावाने आज्ञा अधिक तंतूंपर्यंत व योग्य क्रमाने जाऊ लागतात. म्हणजे आधी मज्जासंस्था शिकते, आणि स्नायूंची वाढ मागून येते. लहान वयात तर बळ वाढण्यात मोठा वाटा या शिकण्याचाच असतो. म्हणूनच येथे शिकविणाऱ्याचे महत्त्व आहे. चुकीची पकड शंभर वेळा केली, तर शरीर तीही तितक्याच निष्ठेने शिकून ठेवते. मग ती मोडून काढण्यात दुप्पट वेळ जातो.

हाडांचेही असेच आहे. हाड म्हणजे निर्जीव दांडके नव्हे. त्यावर ताण पडला, की ते त्या ताणाला पुरे पडेल असे घट्ट होत जाते, आणि वाढीच्या वयात हे काम विशेष जोमाने चालते. स्नायूंची डागडुजी मात्र व्यायाम करताना होत नाही. ती विश्रांतीत व झोपेत होते. आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणारा गुरू आळशी नसतो, हे शिष्यांनी ध्यानात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या सूचनांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दमविणारी हालचाल हवी, व आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम हवा, असे म्हटले आहे. दोरीचा मल्लखांब या दुसऱ्या मागणीला चांगला पुरा पडतो.

मुलांना अशी भेट देणे सोपे आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत फार जपावे लागते. कोणी शाल दिली, तर 'मला थंडी वाजते, असे तुला का वाटले?' असे घेणारा विचारीत नाही. पण व्यायामाची भेट मिळाली, की त्याच्या मनात निराळेच येते. आपले पोट सुटले आहे, आपण चालताना धापा टाकतो, हेच याने सुचविले, असे त्याला वाटते. भेट कौतुकाने दिलेली असली, तरी ती टोमण्यासारखी लागते. मग दिलेले शुल्क फुकट जाते आणि बोलणेही काही दिवस बंद होते. काका-मामांना अशी भेट द्यावयाची, तर आधी गोडीने त्यांची इच्छा काढून घ्यावी हे बरे. आणि त्यांच्याबरोबर स्वतःही जावे हे त्याहून बरे. दोघे मिळून दमली, म्हणजे कोणी कोणाला हिणवले, असे होत नाही. आजोबांसाठी मल्लखांब नको, हे सांगावयास नकोच. वैद्याचा सल्ला घेऊन तोल सांभाळण्याचे व पायांत बळ आणणारे सोपे व्यायाम शिकविणारा कोणी मिळाला, तर पडण्याचे भय कमी होते. म्हातारपणी ही लहान गोष्ट नव्हे.

व्यायामशाळा निवडताना तिथली आरशांची व दिव्यांची झगमग पाहू नये. दोरीखाली जाड गादी आहे काय, दोरी वेळोवेळी तपासतात काय, नवख्याच्या खाली हात देऊन कोणी उभे राहते काय, हे पाहावे. मुंबईच्या दादर भागातील समर्थ व्यायाममंदिरासारख्या जुन्या संस्थांतून ही काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेतली गेली आहे. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली मुंबईतच भरली होती. त्या संस्थेतील मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दृष्टिहीन मुलांनाही त्यांनी मल्लखांब शिकविला आहे. दोरीला वेढा कसा घालावा, हे डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने व गुरूच्या शब्दांनी शिकता येते, हे त्या मुलांनी दाखवून दिले.

एवढे सगळे झाले, तरी भाऊबीजेची ती भेट वाया जाण्याचे एक कारण शिल्लक राहते, आणि पुष्कळ घरांत तेच सर्वांत मोठे असते. सकाळी सहा वाजता व्यायामशाळा उघडते. त्याच वेळी नळाला पाणी येते. पाणी भरणे, अंगण झाडणे, धाकट्या भावंडाची वेणीफणी करणे ही कामे बहुधा मुलीच्याच वाट्याला आलेली असतात. शुल्क भरले, गणवेश आणला, गुरूही उत्तम मिळाला. पण तास मिळाला नाही, तर ती दोरीपाशी पोहोचणार कशी? पहिल्या आठवड्यात ती धावतपळत जाते, दुसऱ्या आठवड्यात उशिरा पोहोचते आणि तिसऱ्या आठवड्यात तिचे जाणे थांबते. घरचे म्हणतात, 'हिला आवडच नाही.' तिच्या आवडीची परीक्षा मात्र झालेलीच नसते.

समंजस भाऊ हे आधीच ओळखतो. ओवाळणीच्या पाकिटात तो शुल्काच्या पावतीबरोबर एक चिठ्ठीही ठेवतो. तीन महिने सकाळचे पाणी तो भरील, असे तीत लिहिलेले असते. सोमवारी सहाच्या ठोक्याला बहीण दोरीखाली गादीवर उभी असते, आणि इकडे घरी भाऊ नळाखाली पहिली कळशी लावतो.