इंजिन फिरते, पण चालू होत नाही

गेल्या पौष महिन्यात वारजे येथे महामार्गाच्या कडेला एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कांद्याची रोपे होती; ती लागणीसाठी भोरकडे निघाली होती. चालक किल्ली फिरवी, स्टार्टर इंजिनास फिरवी, परंतु इंजिन काही चालू होईना. अर्ध्या तासात बॅटरी उतरली आणि उन्हे चढली तशी रोपांनी माना टाकल्या. दोष एवढाच होता की, वाटेत टाकी रिकामी झाली होती. नवे डिझेल ओतले गेले, पण नळीत शिरलेली हवा कोणी काढली नव्हती. एके काळचे मुठाकाठचे वारजे हे खेडे आज शहरात मोडते, म्हणून मेस्त्री हाकेवर मिळाला. माळावर तो कोठून मिळणार?

स्टार्टर इंजिनास नेहमीच्या वेगाने फिरवीत असेल, तर पुन्हापुन्हा किल्ली फिरवून काही साधत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक फिरवू नये व मध्ये मिनिटभर थांबावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबाने इतकी तापते की, आत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून डिझेल व तापलेली हवा यांपैकी उणीव कशाची, हे आधी ठरवावे.

ते धुरावरून कळते. इंजिन फिरत असता धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर ते पोचते पण जळत नाही. अशा वेळी थंडी, झिजलेल्या रिंगा, नीट न बसणारे व्हॉल्व्ह किंवा बिघडलेले नोझल यांचा संशय घ्यावा. हे काम मेस्त्रीचे होय.

धूर नसल्यास मात्र शेतकरी बंधूंना स्वतः पुष्कळ करता येते. इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना, हे प्रथम पाहावे. हसू येईल, पण ही चूक जाणत्यांकडूनही होते. नंतर टाकी, तिची तोटी व गाळणीच्या भांड्यात साचलेले पाणी पाहावे. मग गाळणीवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. प्रथम फेस येईल. बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार लागली की, पंप चालू असतानाच स्क्रू आवळावा. हेच पुढे इंजेक्शन पंपावरील स्क्रूपाशी करावे. जवळ विडी-काडी नसावी. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. संगणकाने चालणाऱ्या नव्या कॉमन रेल इंजिनांच्या दाबनळ्या तर सैल करूच नयेत.

वारज्याच्या ट्रॅक्टरची हवा काढण्यास दहा मिनिटे पुरली. बॅटरी मात्र दुसऱ्या ट्रॅक्टरची आणून जोडावी लागली, आणि त्यातच दुपार झाली.