रसायनशास्त्रीय शोधनिबंधातील संदर्भलेखन : काही विचारणीय बाबी

प्रस्तावना :

शोधनिबंधातील सर्वाधिक उपेक्षित भाग कोणता, असे विचारल्यास संदर्भसूचीकडेच बोट दाखवावे लागेल. प्रयोग व निष्कर्ष यांवर महिनोन्महिने श्रम घेणारा संशोधक संदर्भसूची मात्र निबंध पाठविण्याच्या आदल्या रात्री, बहुधा दुसऱ्याच्या निबंधातून उतरवून, पूर्ण करतो. रसायनशास्त्रात याचे परिणाम विशेष गंभीर ठरतात. ‘पूर्वी वर्णिलेल्या पद्धतीने संयुग तयार केले’ एवढे एकच वाक्य लिहून संपूर्ण प्रायोगिक कृती संदर्भावर सोपविण्याची या विषयात प्रथा आहे. संदर्भ चुकला की विक्रियेचे तापमान, द्रावक, प्रमाण आणि सावधगिरीच्या सूचना हे सारेच वाचकाच्या हातून निसटते.

एक उदाहरण :

कोल्ब, फिन व शार्पलेस यांचा ‘क्लिक रसायना’ची संकल्पना मांडणारा सुप्रसिद्ध निबंध ‘अँगेवांटे केमी’च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत २००१ साली, खंड ४०, पृष्ठे २००४ ते २०२१ येथे प्रसिद्ध झाला. आमच्या विभागातील एका विद्यार्थ्याला हा संदर्भ एका प्रबंधात केवळ ‘४०, २००४’ असा मिळाला. त्याने २००४ हे वर्ष समजून त्या वर्षाचे अंक चाळले. निबंध अर्थातच सापडला नाही, कारण २००४ हा पृष्ठक्रमांक होता! याच निबंधाची जर्मन आवृत्ती खंड ११३, पृष्ठ २०५६ पासून आहे. एकाच लेखनाचे हे दोन स्वतंत्र पत्ते होत. आंतरराष्ट्रीय आवृत्तीचे नाव लिहून पुढे जर्मन पृष्ठक्रमांक दिल्यास जो पत्ता तयार होतो, तेथे हा निबंध नसतो.

मांडणीचे नियम व त्यांचे प्रयोजन :

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या पद्धतीत लेखकाचे आडनाव प्रथम व आद्याक्षरे नंतर येतात. नियतकालिकाचे संक्षिप्त नाव तिरप्या अक्षरांत, वर्ष ठळक, खंड तिरपा आणि पृष्ठे साध्या अक्षरांत छापतात. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पद्धतीत आद्याक्षरे आधी येतात, वर्ष साधे राहते आणि ठळक अक्षरांचा मान खंडास मिळतो. म्हणजेच ठळक आकडा एका पद्धतीत वर्ष दर्शवितो, तर दुसऱ्या पद्धतीत खंड. दोन्ही पद्धतींचे संदर्भ एकाच सूचीत मिसळल्यास वाचकाची दिशाभूल होणे अटळ आहे. अक्षरांचा ठळकपणा किंवा तिरपेपणा ही केवळ सजावट आहे, असा जो समज आढळतो तो या कारणाने चुकीचा ठरतो.

नियतकालिकांची संक्षिप्त नावे स्वतःच्या मनाने बनवू नयेत. केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसची ‘कॅसी’ ही सूची त्यासाठी प्रमाण मानली जाते. ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’ अ व ब अशा दोन विभागांत निघत असतानाच्या काळातील संदर्भ देताना विभाग लिहावाच लागतो. तो गाळल्यास शोध दोन ठिकाणी घ्यावा लागतो.

मजकुरातील संदर्भक्रमांक वर चढवून छापण्याची पद्धत रूढ आहे. परंतु तो रासायनिक सूत्राला किंवा एककाला लागूनच आल्यास घातांक अथवा आयनाचा प्रभार वाटू शकतो. अशा वेळी वाक्यरचना थोडी बदलून क्रमांक विरामचिन्हानंतर आणणे इष्ट.

न वाचलेले संदर्भ :

खरा प्रश्न मात्र मांडणीच्याही पलीकडचा आहे. सिमकिन व रॉयचौधरी यांनी २००३ साली संदर्भांतील छपाईच्या चुका जशाच्या तशा पुढे कशा उतरत जातात, याचे विश्लेषण केले. मूळ निबंध प्रत्यक्ष वाचून संदर्भ देणारे सुमारे वीस टक्केच असावेत, असा त्यांचा अंदाज होता. या अंदाजाच्या गणिताविषयी मतभेद होऊ शकतात. पण आपल्या अनुभवाशी तो फारसा विसंगत आहे, असे किती प्राध्यापक छातीठोकपणे म्हणतील? एल्सेव्हिअरच्या लेखक-सूचनांमध्ये नमुन्यादाखल दिलेला, वॅन डर गीअर आदींच्या नावावरील एक निबंध अस्तित्वातच नव्हता. तरीही शेकडो निबंधांनी तो खरा मानून उद्धृत केला, हे २०१७ साली उघडकीस आले. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पूर्णतः काल्पनिक संदर्भही निर्दोष मांडणीत तयार करून देतात.

म्हणून डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर, अर्थात ‘डीओआय’, नुसता उतरवून न थांबता तो उघडून पाहावा. वर उल्लेखिलेल्या क्लिक रसायनाच्या निबंधाच्या डीओआयमध्ये कंस, कोनी चिन्हे व अर्धविराम आहेत. एखादे चिन्ह गळले तरी तो उघडत नाही. संदर्भ-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणाली मांडणी चोख करतात, मात्र आत भरलेले वर्ष चुकले असेल तर तेही तितक्याच चोखपणे छापतात. आमच्या विभागात आता एक जण मूळ निबंधाचे पहिले पान समोर ठेवून लेखक, वर्ष, खंड व पृष्ठ मोठ्याने वाचतो आणि दुसरा सूची तपासतो. चाळीस संदर्भांना साधारण एक दुपार पुरते.